तेवीस नंबरच्या रस्त्यानं

थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४. भाचीबरोबर अ‍ॅन आर्बरहून निघालो. ती मिशिगन विद्यापीठात शिकते. अंगात गडद निळा स्वेटशर्ट आणि त्यावर मक्याच्या दाण्यासारखा पिवळा ‘एम’. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता कोलंबसला मिशिगन आणि ओहायो स्टेटचा सामना होता. दोन्ही विद्यापीठं १८९७ पासून एकमेकांशी खेळत आली आहेत. इथं त्या सामन्याला वेगळं नाव लागत नाही, ‘द गेम’ एवढंच म्हणतात.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे फुटबॉलचे सामने शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बघत वाढलो. त्यामुळे चेंडू हातात धरून पळण्याच्या या खेळाला फुटबॉल म्हणायला मन तयार नव्हतं. भाचीनं गाडी चालवता चालवता समजावलं, “मामा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलास तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याचा.” कबड्डीतली जमीन जिंकण्याची ओढ त्यात आहे, असं मला वाटलं आणि खेळ थोडा आपलासा झाला.

तेवीस नंबरचा महामार्ग दक्षिणेकडे जातो. तासाभरात टोलेडो आलं. १८३५ मध्ये याच पट्ट्यासाठी मिशिगन आणि ओहायोनं आपापली फौज उभी केली होती. लढाई अशी झालीच नाही. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग मिळाला. तांब्या-लोखंडाच्या खाणी तिथंच निघाल्या. १८३७ मध्ये मिशिगन राज्य झालं. सरहद्दीवर आता एक पाटी तेवढी आहे. तिथून पुढं मात्र घरांवरचे झेंडे निळ्याचे लाल झाले.

फोनवर कोलोरॅडोचा सामना चालू होता. ट्रॅव्हिस हंटर हे नाव मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. या खेळात चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे असतात. हा पोरगा दोन्हीकडे खेळत होता. त्या दुपारी त्यानं तीन टचडाउन झेलले, म्हणजे तीनदा पास झेलून चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि वर समोरच्यांचा एक पासही पळवला. ओक्लाहोमा स्टेटवर कोलोरॅडोचा विजय ५२–०. पुढं डिसेंबरमध्ये हाइस्मन हा कॉलेज फुटबॉलचा सर्वात मोठा मान त्यालाच मिळाला.

रात्री डेलावेअर गावातल्या मोटेलमध्ये जॉर्जिया आणि जॉर्जिया टेकचा सामना लावला. मध्यंतराला जॉर्जिया ०–१७ नं मागं. शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी बरोबरी साधली आणि मग आठ जादा डाव झाले. तिसऱ्या जादा डावापासून दोन्ही संघांना तीन यार्डांवरून एकेक प्रयत्न मिळतो, पेनल्टी शूटआउटसारखा. मध्यरात्र उलटल्यावर जॉर्जियानं ४४–४२ नं जिंकलं. टेकच्या हेन्स किंगनं तीन टचडाउन स्वतः धावून केले होते आणि दोन फेकून. एवढं करून तो हरला. डोळ्यांवर झोप असूनही त्याचा चेहरा मला दिसत राहिला.

शनिवारी पारा शून्याखाली होता. विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारलेली. या आठवड्यात ते अक्षर ओहायोला डोळ्यांसमोर नको असतं. सामन्याच्या दिवशी दुसऱ्या पेठेतून सायकल न नेणारी आमची पोरं आठवली. १९२२ मध्ये बांधलेलं ओहायो स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे आणि त्यात लाखाहून जास्त माणसं मावतात. पितळी वाद्यांचं पथक चालत चालत मैदानावर ‘ओहायो’ ही अक्षरं लिहितं आणि शेवटी एक सूझाफोनवाला ऐटीत येऊन ‘आय’चा ठिपका होतो. १९३६ पासूनची रीत. आजूबाजूची म्हातारी माणसंही तेव्हा उभी होती.

माझ्या शेजारी लाल टोपीतले सत्तरीचे गृहस्थ बसले होते. भाचीचा ‘एम’ बघून हसले, थर्मासमधली कॉफी तिलाही दिली. मी लांबून आलोय हे कळल्यावर खिशातून तपकिरी, गुळगुळीत बी काढून माझ्या हातावर ठेवली. बकआयची बी. या झाडावरूनच ओहायोच्या संघाचं नाव पडलंय आणि ती खिशात ठेवली की नशीब साथ देतं, अशी इथली श्रद्धा.

ओहायो देशात दुसऱ्या क्रमांकावर. मिशिगननं त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, पण या मोसमात पाच सामने हरून ते क्रमवारीबाहेर फेकले गेले होते. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, डेव्हिस वॉरन. शाळेत असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यातून उठून तो शिष्यवृत्तीशिवाय संघात आला. त्या दिवशी त्यानं पास टाकून जेमतेम ६२ यार्ड मिळवले, दोन पास गमावले. तरीही संघ उभा राहिला तो धक्क्यांवर. मधल्या फळीतले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे पहाडासारखे दोघं वाट सोडेनात. ओहायोला सगळ्या सामन्यात धावून ७७ यार्ड मिळाले. मिशिगनच्या केलेल मलिंग्जनं एकट्यानं ११६ काढले, तेही कधी दोन यार्ड, कधी तीन, अंगावर माणसं घेऊन.

ओहायोच्या विल हावर्डचा पास मिशिगननं पकडला आणि त्यातून मलिंग्जचा टचडाउन झाला. मग जेरेमाया स्मिथ या पहिल्या वर्षाच्या मुलानं ओहायोसाठी उत्तर दिलं. मध्यंतराला १०–१०. नंतर बराच वेळ गुणच नाहीत. खांबांमधून मारायच्या ओहायोच्या दोन किका हुकल्या. हातानं खेळल्या जाणाऱ्या या खेळाचा फैसला पायाकडे आला, तेव्हा माझ्यातला कोल्हापूरकर ताठ बसला. मलिंग्ज २७ यार्ड घुसला. ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडानं २१ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. १३–१०. ओहायोचा सलग चौथा पराभव.

त्यानंतर जे झालं ते बघवलं नाही. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला आणि दोन्ही संघ एकमेकांवर धावले. पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला. तासभर आधी ज्यांच्या ताकदीपुढं मान लववावी असं वाटलं होतं, तीच मुलं डोळे चोळत होती. भाचीनं जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली. मी बी परत करायला हात पुढं केला. गृहस्थांनी माझी मूठ मिटवली. “मोसम संपला नाही,” एवढं म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

परतीच्या वाटेवर अंधार लवकर पडला. नोत्र दामनं यूएससीला ४९–३५ नं हरवल्याचं कळलं. ख्रिश्चन ग्रे आणि झेव्हियर वॉट्स यांनी समोरच्यांचे पास पकडून अख्खं मैदान पार केलं होतं, एकानं ९९ यार्ड आणि दुसऱ्यानं १००. मग सिरॅक्यूजची बातमी आली आणि भाची एकदम गप्प झाली. २१ गुणांनी मागं पडलेल्या सिरॅक्यूजनं मायामीला ४२–३८ नं हरवलं. काइल मॅकॉर्डचे ३८० यार्ड आणि तीन टचडाउन.

“मामा, हा गेल्या वर्षी ओहायोचा क्वार्टरबॅक होता. आमच्या मैदानावर त्याचा शेवटचा पास आम्ही पकडला आणि ते हरले. मग तो ओहायो सोडून गेला.”

“तू होतीस तिथं?”

“होते ना. किती ओरडले होते मी.”

पुढं टोलेडो येईपर्यंत आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो. वर्षभर त्या एका पासाचं ओझं घेऊन त्या पोरानं अनोळखी गावात सराव केला असेल. आम्ही निकाल बघतो आणि उठतो. खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी परत मैदानावर जावं लागतं. या आठवड्यात मला दिसलेला खरा खेळ हा होता.

२१ जानेवारी २०२५. कोल्हापुरात पहाटे सहाला फोन लावून बसलो. मिशिगनकडून हरूनही ओहायो स्टेट बाद फेऱ्या जिंकत अटलांटातल्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात पोचलं होतं, समोर नोत्र दाम. तोच विल हावर्ड. त्यानं पहिले तेरा पास एकही न चुकवता पोचवले. शेवटी नोत्र दाम जवळ आलं असताना जेरेमाया स्मिथला ५६ यार्डांचा पास टाकला आणि ३४–२३ नं सामना संपवला.

भाचीचा निरोप आला, “तुझ्या बीनं काम केलं, मामा.” बी टेबलावर होती. कोलंबसच्या त्या पायऱ्या उतरणारी लाल टोपी आठवली आणि ते गृहस्थ आत्ता जागे असतील, याची मला खात्री वाटली.