बोंडातून निघालेली इंग्रजी

यवतमाळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. वर्गातली बरीच मुलं कापूस पिकवणाऱ्या घरांतली. वेचणीला जोर आला की बाकं रिकामी दिसू लागतात. ही मुलं हुशार आहेत, पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की त्यांचे आवाज खाली जातात. ती भाषा साहेबाची, तिच्यात आपलं काही नाही, असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. ती भीती सैल केली काही जुन्या इंग्रजी शब्दांनी. त्यांतले काही आज इंग्रजांच्याही बोलण्यात नाहीत, काहींचा मूळ अर्थ मागे पडला आहे.

सुरुवात झाली 'बॉम्बास्ट'पासून. धड्यातल्या एका भाषणाला 'बॉम्बास्टिक' म्हटलं होतं. फुगवलेली, पोकळ भाषा, असा अर्थ मी सांगितला. मागून प्रश्न आला, "सर, हा शब्द आला कुठून?" परीक्षेत न येणारा प्रश्न वर्गात क्वचितच येतो. मी व्युत्पत्तीचा कोश पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गातच घेऊन गेलो. 'बॉम्बास्ट'चा पहिला अर्थ कापूस! कपड्याच्या अस्तरात भरायचा कापूस. मध्ययुगीन लॅटिनमध्ये कापसाला 'बॉम्बॅक्स' म्हणत, तिथून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. सोळाव्या शतकात इंग्लंडमधले शौकीन पुरुष पोटाशी फुगलेले अंगरखे घालत. फिलिप स्टब्ज या लेखकाने १५८३ साली या थाटावर कडक टीका केली. एकेका अंगरख्यात चार-सहा पौंड, म्हणजे जवळजवळ दोन ते पावणेतीन किलो कापूस कोंबतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे अंगरखे गेले, कापूस गेला आणि फुगवलेल्या भाषेचा अर्थ तेवढा उरला.

"म्हंजे सर, थे गादीत भरतेत तसंच ना?" एकाने विचारलं. अगदी तसंच. त्या वर्गातला कुणी 'बॉम्बास्ट' पुन्हा विसरला नाही.

त्याचाच भाऊ 'फस्टियन'. हे सुती बाण्याचं जाडंभरडं कापड. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मध्ये मात्र तो शब्द निरर्थक बडबडीसाठी आला आहे. इंग्रजीने पोकळ बोलण्याला दोनदा नाव दिलं आणि दोन्ही वेळा ते कापसाच्या घरातून उचललं.

मग मुलांनाच शोधायची गोडी लागली. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ सालचा कोश मी त्यांच्यासमोर ठेवला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले देशी शब्द त्यात गोळा केले आहेत. 'कँडी' हा शब्द एका मुलीने काढला. गोळी-चॉकलेटची कँडी तिला ठाऊक होती. तो शब्द संस्कृत 'खंड'पासून फारसी, अरबी आणि फ्रेंच असा फिरत इंग्रजीत गेला. पण कोशातली ही कँडी म्हणजे वजन होतं, आणि मूळ दिलं होतं मराठी-तेलुगू 'खंडी'. तिचे वडील जिनिंगमध्ये कामाला. "सर, आमच्या घरी तर रोज खंडीचा भाव निघते," ती म्हणाली. खरंच आहे. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, पण सरकी काढलेल्या रुईचा भाव आजही खंडीवरच बोलला जातो. ७८४ पौंडांची ही मुंबईची खंडी आता ३५६ किलो धरतात. इंग्रजी बोलण्यातून गेलेला शब्द आमच्या बाजारात रोज कमाई करतो आहे.

सगळ्यात जवळचा शब्द निघाला 'ऊमरा'. इंग्रज अमरावतीला 'ऊमरावटी' लिहीत. त्यावरून वऱ्हाडच्या कापसाला व्यापारात 'ऊमरा' हे नाव पडलं. मुंबईच्या कापूस बाजारात पुढे कितीतरी वर्षं 'ऊमरा'चे सौदे होत. आमच्या पणजोबांची पऱ्हाटी परदेशी याच नावाने जात होती.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती मी मुलांपासून लपवली नाही. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापड गिरण्यांना हिंदुस्थानी कापसावर भागवावं लागलं. हा सगळा कापूस तिथे सरसकट 'सुरत' म्हणून ओळखला जाई. त्या गिरण्यांची यंत्रं लांब धाग्याच्या अमेरिकी कापसासाठी बसवलेली. आपला आखूड धागा त्यांवर सारखा तुटे. त्यात गाठींमध्ये कचरा असे. कामगारांची मजुरी उक्ती, त्यामुळे तीही बुडे. होता होता 'सुरत' म्हणजे हिणकस माल, असा अर्थ तिकडे रूढ झाला. मुलं हे ऐकून गप्प झाली. मग एकाने विचारलं, "त्या वक्ती आपल्या शेतकऱ्याले भाव काय भेटला?" एका मेलेल्या शब्दातून इतका जिवंत प्रश्न निघाला. उत्तर शोधत आम्ही अर्थशास्त्राच्या शिक्षकांकडे गेलो. युद्धात भाव चढले, वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला आणि युद्ध संपताच भाव कोसळले.

जुने शब्द माहीत नसले तर जुने कागदही बोलत नाहीत. इंग्रजी दप्तरात 'यवतमाळ' शोधून सापडत नाही. तिथे 'यिओटमाल' लिहिलेलं असतं. १९०५ पूर्वीच्या कागदांत तर जिल्ह्याचं नावच 'वुन', म्हणजे वणी. आपला इतिहास वाचू पाहणाऱ्या मुलाला हे शब्द यायलाच हवेत.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सोबत्यांना विनंती आहे. शब्दाचा अर्थ सांगून थांबू नका, तो कुठून आला तेही सांगा. वर्गात एक चांगला व्युत्पत्तिकोश ठेवा. जिनिंगमधले, बाजार समितीतले, शेतातले शब्द मुलांना वहीत उतरवायला लावा. जाणकार म्हातारी माणसं आहेत तोवरच ते काम होईल. इंग्रजी भाषेत आपल्या वावरातला कापूस आहे, हे एकदा कळलं की मूल तिच्यापुढे मान खाली घालून बसत नाही.