जूनची आवराआवर

दिवाळीच्या आवराआवरीला जो मान आहे, तो जूनच्या आवराआवरीला नाही. दिवाळीत घर झाडायचे ते लक्ष्मीसाठी आणि पाहुण्यांसाठी. त्यामुळे घासलेले तांब्या-भांडे आणि धुतलेले पडदे पाहून चार शब्द बोलणारे कोणीतरी मिळतेच. शाळा उघडण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत घराची जी उलथापालथ होते, ती पाहायला मात्र कोणी येत नाही. लक्ष्मी निदान दारापर्यंत येते म्हणतात; सरस्वती घरोघर फळ्यांवर बोट फिरवून धूळ पाहत हिंडल्याचे ऐकिवात नाही. तरीही, मराठीची प्राध्यापिका आणि एका शाळकरी मुलीची आई या दुहेरी अधिकाराने मी सांगते, की आमच्यासारख्या घरांचा खरा पाडवा जूनमध्येच असतो.

माझे माहेर साताऱ्याचे. त्या गावात वारांच्या नावांच्या पेठा आहेत आणि त्यांतल्याच एकीत आमचे घर होते. मे महिन्याच्या अखेरीस गच्चीवर दोन वाळवणे पडत. एका चादरीवर कुरडया-पापड आणि दुसरीवर पुस्तके. आईच्या लेखी दोन्हींत फार फरक नव्हता. दोन्हींना पावसाळ्यात बुरशी धरते, दोन्हींना उन्हाची झळ लागते आणि दोन्ही वर्षभर पुरवायची असतात. गव्हाला एरंडेल चोळायचे, पुस्तकांच्या कपाटात वेखंडाचे तुकडे टाकायचे, ही एकाच दुपारची कामे. यवतेश्वराच्या बाजूने ढग उतरू लागले, की आम्ही भावंडे गच्चीकडे धावत असू.

“आई, आधी पुस्तकं की कुरडया?” आम्ही ओरडून विचारायचो.

“ज्याला आधी हात लागेल ते!” खालून उत्तर यायचे.

मग जुन्या वह्यांचा सोहळा. प्रत्येक वहीतली कोरी पाने काढायची, एकावर एक रचायची आणि दाभणाने शिवून त्यांची ‘कच्ची वही’ करायची. पुस्तके बहुधा अर्ध्या किमतीत कोणाकडून तरी आलेली असत. त्यांना खाकी कव्हर घालायचे, आधीच्या मुलाच्या नावाच्या लेबलावर आपले लेबल चिकटवायचे, की पुस्तक नवे! माझ्या पुस्तकात माझ्या आधी दोन मुले राहून गेली आहेत, याचे मला कधी वाईट वाटले नाही. त्यांनी पेन्सिलीने खुणा केलेले प्रश्न परीक्षेत हमखास यायचे.

घर आणि शाळा यांचा हा मुठीएवढा संबंध साताऱ्याला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचे नाव दिले गेले. हे सारे आपण शाळेत शिकतो. पण त्या मुलांच्या जेवणापायी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले, हे वाचताना मला संस्थेपेक्षा स्वयंपाकघर दिसू लागते. मुष्टिफंड म्हणजे तरी काय? बाईने रोज दळणाकांडणातले मूठभर धान्य दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेसाठी बाजूला काढायचे. आपल्याकडे कितीतरी शाळा अशा घरातल्या डब्यांतून निघाल्या आहेत.

लग्न होऊन मी सांगलीस आले ते नदीच्या बाजूच्या जुन्या गावभागात. इथे बेगमीची राणी म्हणजे हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण माझ्या सासूबाईंना तसल्या कागदाची गरज नव्हती. नुसत्या वासावरून त्या हळद ओळखत. शेजारच्या हरिपूरला जमिनीखाली खोल पेवे असत आणि त्यांत हळद वर्षानुवर्षे टिके. सासूबाईंचे घर लावण्याचे शास्त्रही पेवाचेच. जे जड आणि मोलाचे, ते खाली, अंधारात आणि कोरडे. वरच्या फळ्यांवर हलकीसलकी डबडी. माझ्या मुलीची पुस्तकेही खालच्या फळीवर असत, कारण लहान मुलाच्या हाताला लागतील अशीच ती कोणत्याही घरात ठेवली जातात.

कृष्णा महाबळेश्वरी उगवते, वाईवरून उतरते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला घेते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि मग सांगलीस येते. म्हणजे माझ्या माहेरी पडलेला पाऊस काही वेळाने माझ्या सासरी पोचतो. पावसाळ्यात नदी फुगली, की सासूबाई थट्टेने म्हणायच्या, “आलं बाई तुझ्या माहेरचं पाणी! चहा टाक.”

ऑगस्ट २०१९ मध्ये ही थट्टा कोणी केली नाही. १९२९ साली बांधलेल्या आमच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. आम्ही वेळेवर विश्रामबागेतल्या नातेवाइकांकडे गेलो. सासूबाईंनी बरोबर घेतलेल्या पिशवीत औषधे होती, दोन बांगड्या होत्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद होता. तो त्यांचा सातवीचा दाखला! सातवीनंतर त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. त्या दाखल्याचा त्यांना कधी कुठे उपयोग झाला नव्हता आणि होणारही नव्हता.

पाणी ओसरल्यावर घर उघडले, तेव्हा खालच्या फळीवरची पुस्तके इतकी फुगली होती, की ती ओढूनही निघेनात. शेवटी फळीच तोडावी लागली. हळदीच्या डब्यातून पिवळा चिखल निघाला. मुलगी तेव्हा चौथीत होती. ती रडली नाही. “आता मी शाळेत काय नेऊ?” एवढेच तिने विचारले आणि घरातल्या चारही मोठ्या माणसांना उत्तर सुचेना.

उत्तर साताऱ्याहून आले. आठवड्याभराने भावाने एक खोके पाठवले. त्याने गल्लीत फिरून, चौथी पास झालेल्या मुलांच्या घरून पुस्तके गोळा केली होती. त्यांत ‘शिवछत्रपती’ही होते. मी चौथीत शिकले ते शिवरायांचे चरित्र, आणि माझी मुलगीही तेच शिकत होती. सगळ्या पुस्तकांना कव्हरे होती आणि कव्हरांवर अनोळखी मुलांची नावे. मी सवयीने नवी लेबले काढली, तर मुलगी म्हणाली, “नको. त्याचं नाव झाकायचं नाही.” तिने त्या नावाखाली आपले नाव लिहिले. त्याच माहेरवाटेने आधी पाणी आले होते आणि मग पुस्तके आली. सासूबाई त्या दिवशी पुन्हा म्हणाल्या, “टाक बाई चहा.”

तेव्हापासून आमच्या घरी जूनची आवराआवर फुटांच्या हिशेबाने होते. खालच्या दोन फळ्यांवर जे गेले तरी चालेल ते ठेवायचे, आणि माळ्यावरच्या खोलीत जे जाता कामा नये ते. नियम सांगायला सोपा आहे. पण ‘जाता कामा नये’ असे नेमके काय, यावर दरवर्षी घरात कोर्ट बसते. माझी वीस वर्षांची व्याख्यानांची टिपणे, यजमानांच्या पावत्यांच्या फायली, सासूबाईंची हळद, मुलीच्या चित्रांच्या वह्या असे सारेच अर्जदार. यंदा मुलगी दहावीत गेली. तिला टेबल मांडायला जागा हवी होती आणि ती माळ्यावरच्या खोलीतच निघण्यासारखी होती. मी टिपणांचे गठ्ठे सोडून बसले असताना सासूबाई हळदीचा डबा घेऊन खाली निघाल्या.

“अहो आई, राहू द्या तो वर,” मी म्हटले.

“हळद दरसाल पिकते,” त्या म्हणाल्या. “तिची दहावी एकदाच.”

त्यानंतर टिपणांचे निम्मे गठ्ठे बांधून खाली नेताना मला फारसे जड गेले नाही. दाखला मात्र वरच्या फळीवरच आहे. त्याच्याविरुद्ध कोणी अर्ज करत नाही.

मुलीची आठवीची पुस्तके निघाली, तेव्हा मात्र आम्ही थबकलो. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३ साली दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत निघाली आणि धड्यांच्या मध्ये नोंदींसाठी कोरी पाने बांधली गेली. हेतू चांगला होता. पण पान लिहून भरले, की ते पुस्तक त्या एकाच मुलाचे झाले. दुसऱ्याला ते देता येत नाही. २०२५-२६ पासून ती पाने पुन्हा गेली. आठवीपर्यंत बहुतेक मुलांना पुस्तके मोफत मिळतात, तेव्हा जुन्या पुस्तकांचे कोणाला काय, असे कोणी म्हणेल. त्याला मी आमचे साताऱ्याचे खोके दाखवीन.

तिची नववीची पुस्तके मात्र कोरी, पेन्सिलीच्या खुणांसकट धड राहिली होती. शेजारची मुलगी यंदा नववीत गेली. आमच्या कन्येने ती सारी पुस्तके पुसली, त्यांना खाकी कव्हरे घातली आणि वर लेबले लावली. तिने आपले नाव लेबलाच्या अगदी वरच्या कडेला, बारीक अक्षरात लिहिले होते. “एवढं वर का गं?” मी विचारले.

“खाली जागा नको का?” ती म्हणाली आणि पुढचे लेबल कापू लागली.