बालवैज्ञानिकाची नोंदवही

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने १९९३ पासून देशपातळीवर भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचे वेगळेपण असे की, तिच्यात १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी एखादी आकर्षक प्रतिकृती बनवून आणणे अपेक्षित नसते. आपल्या परिसरातील एक प्रश्न निवडावा, त्याची वैज्ञानिक पद्धतीने तपासणी करावी आणि जे आढळले ते परीक्षकांपुढे मांडावे, एवढीच तिची मागणी असते. प्रकल्पांसाठी एक मध्यवर्ती विषय ठरवून दिलेला असतो. २०१२ आणि २०१३ साली तो ऊर्जेचा होता, तर २०१४ आणि २०१५ साली हवामानाचा. त्या चौकटीत आपल्या गावाचा प्रश्न बसवणे हे मुलांचे आणि त्यांच्या मार्गदर्शक शिक्षकाचे काम असते. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनी होणाऱ्या या निवडीत लेखी अहवाल, तक्ते आणि तोंडी मांडणी या तिन्हींना महत्त्व असले, तरी मुलांच्या आणि पालकांच्या मनात धास्ती असते ती तोंडी मांडणीचीच.

या धास्तीपोटी तयारीचा एक चुकीचा प्रकार शाळाशाळांमधून रूढ झाला आहे. शिक्षकाने भाषण लिहून द्यायचे, मुलांनी ते पाठ करायचे, हातवारे बसवायचे आणि शेवटच्या आठवड्यात त्याची रोज तालीम घ्यायची, असा हा प्रकार असून त्यातून वक्तृत्व स्पर्धेला साजेसे बोलणे तयार होते, पण प्रकल्पाची मांडणी तयार होत नाही. कारण पाठ केलेले वाक्य परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाने तुटले की, ते पुन्हा कोठून जोडायचे हे मुलाला उमगत नाही. मांडणीची खरी तयारी पहिल्या मोजमापाच्या दिवशीच सुरू होते, आणि त्या दिवशी जे नीट झाले नाही ते पुढच्या कोणत्याही तालमीने भरून निघत नाही.

गावातील विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास हे याचे चांगले उदाहरण आहे. दोरीला वजन बांधून ती विहिरीत सोडायची आणि भिजलेल्या टोकापर्यंतची लांबी मोजायची, इतके हे काम वरवर सोपे दिसते. परंतु दोरी कठड्याच्या माथ्यावरून सोडली की जमिनीलगत धरली, कठड्याची उंची वजा केली का, सर्व विहिरी एकाच दिवशी मोजल्या का आणि मोजण्यापूर्वी त्या विहिरीवरचा पंप किती वेळ चालला होता, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर विहिरींची आपसातील तुलना निरर्थक ठरते. त्यातच महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे, थर असून पाणी त्यांच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या भागांतच साठते, त्यामुळे एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी कोरडी असू शकते. हे कारण पुस्तकातून सांगणारी मुले पुष्कळ भेटतात; पण पाझराच्या जागी काठाचा दगड कसा ठिसूळ झाला आहे हे स्वतः पाहून आलेली मुलगी जेव्हा तेच सांगते, तेव्हा तिच्या बोलण्यात जो ठामपणा येतो तो कोणत्याही तालमीने आणता येत नाही.

म्हणूनच नोंदवहीला, म्हणजे रोजचे निरीक्षण तारीखवार आणि त्याच जागी उतरवून ठेवणाऱ्या वहीला, या कामात अहवालाहूनही वरचे स्थान दिले पाहिजे. नोंदवही सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढण्याची सवय मात्र मोडायला हवी. खाडाखोड, ओलाव्याचे डाग, ‘आज पंप चालू होता, मोजता आले नाही’ अशी नोंद, हे सारे जसेच्या तसे राहिले पाहिजे, कारण अनुभवी परीक्षक वही उघडताच नेमके तेच शोधतो, आणि एकाच शाईत एकाच बैठकीत लिहिलेली वही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

प्रश्नोत्तरांच्या तयारीला शिक्षकाने सर्वाधिक वेळ द्यावा. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण दाखवणारे छोटे उपकरण आता अनेक शाळांत असते. त्याने ७०० मिलिग्रॅम प्रतिलिटर असा आकडा दाखवला की मुले ‘पाणी दूषित आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. भारतीय मानकानुसार ही स्वीकार्य मर्यादा ५०० असली, तरी दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास २००० पर्यंतचे पाणी चालते. शिवाय हे उपकरण पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज देते, रोगजंतूंविषयी ते काहीच सांगत नाही. तेव्हा तालमीत शिक्षकाने ‘मग हे पाणी प्यायल्याने जुलाब होतील का?’ असे विचारावे आणि ‘जंतूंची तपासणी आम्ही केलेली नाही, त्यामुळे ते सांगता येणार नाही’ हे उत्तर मुलांच्या तोंडून न अडखळता येईपर्यंत थांबावे. आपल्या कामाची मर्यादा नेमकी सांगता येणे ही या वयातील मोठीच कमाई आहे. गुण कापले जातील या भीतीने शिक्षकच ती झाकायला शिकवतात, तेव्हा मुलाचे नुकसान एका स्पर्धेपुरते राहत नाही.

भाषेच्या बाबतीत परिषदेचे धोरण उदार असून मुलांना आपल्या भाषेतून प्रकल्प मांडता येतो. असे असताना मराठी माध्यमाच्या मुलांना वरच्या फेरीसाठी घाईघाईने इंग्रजी भाषण घोकायला लावणे अन्यायाचे आहे, कारण ज्या भाषेत निरीक्षण झाले त्याच भाषेत प्रश्नाचे उत्तर सुचते. पूर्वी पाच मुलांपर्यंतचा असणारा गट पुढे दोघांवर आल्याने आणखी एक जबाबदारी वाढली आहे: गटप्रमुख बोलतो आणि सहकारी तक्ते धरून उभा राहतो, ही विभागणी आता चालणार नाही, दोघांनाही संपूर्ण काम सांगता आले पाहिजे.

मार्गदर्शकाचा हात कोठे थांबावा, हा या तयारीतील सर्वांत अवघड भाग आहे. पद्धतीतील चूक दाखवणे, मोजमाप पुन्हा करायला लावणे, वेळेचे भान देणे हे त्याचे काम आहे. निष्कर्ष सुचवणे आणि वाक्ये पुरवणे हे नव्हे. पुष्कळ शिक्षक हे सर्व शाळेच्या वेळेबाहेर, कोणत्याही मोबदल्याविना करतात आणि त्यांच्यावर निकालाचे दडपणही असते, हे मान्य करूनच त्यांना एक विनंती करावीशी वाटते: मुलांना भाषण लिहून देऊ नये, आणि जिल्हा फेरीच्या आदल्या दिवशी त्यांच्या नोंदवहीचे कोणतेही एक पान उघडून त्या दिवशी काय घडले एवढेच त्यांना विचारावे.