भाड्याच्या घरातली पिवळी फ्रेम

‘फ्रेंड्स’मधलं मोनिकाचं घर भाड्याचं आहे, हे माझ्या डोक्यात नीट शिरलं ते तिसऱ्यांदा मालिका बघताना. जागा आजीच्या नावावर, भाडं कायद्याने गोठलेलं, म्हणून मॅनहॅटनमध्ये एवढं मोठं घर तिला परवडतं. आपल्याकडच्या पागडीच्या खोल्यांची आठवण यावी असा मामला. जांभळ्या भिंती, न जुळणाऱ्या खुर्च्या, दारावर पिवळी फ्रेम. जगभर ज्या घराची नक्कल झाली, ते घर एका भाडेकरूचं.

शिवाय ते घरही नव्हतंच. बरबँकच्या स्टुडिओतला सेट. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे आणि प्रेक्षक, छताच्या जागी दिवे. भिंती जांभळ्या केल्या जॉन शॅफनर या डिझायनरने, मालिकेची ओळख एका नजरेत पटावी म्हणून. पिवळी फ्रेम मुळात आरशाची. आरसा फुटला, चौकट उरली, ती कुणीतरी दारावर लावून बघितली. दहा सीझन ती तिथेच राहिली.

मी पुण्यात वन आरकेमध्ये राहते. ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं. त्यात लिहिलंय: खिळे ठोकायचे नाहीत, रंग बदलायचा नाही.

मला हे नियम नवे नाहीत. बाबांची बदलीची नोकरी होती. बारावीपर्यंत आम्ही सहा घरं बदलली, सगळी भाड्याची. आईच्या लग्नात आलेला निळ्या फुलांचा कपबशांचा सेट या सहाही घरांत माळ्यावर खोक्यातच राहिला. “आपलं घर झालं की काढू.” पडदे जुन्या साड्यांचे, भिंतीवर फक्त कालनिर्णय. आपलं घर झालं तेव्हा मी हॉस्टेलवर होते.

म्हणून इन्स्टावर सिनेमातली घरं सेव्ह करताना मला सोफ्यापेक्षा दुसरंच काही दिसतं. काही आठवड्यांत पाडायच्या खोलीसाठी कुणीतरी चहाच्या कपावर, उशीच्या अभ्र्यावर विचार केलेला असतो. सेट लावणारा माणूस ‘हे किती दिवस टिकणार’ याआधी ‘इथे राहतं कोण’ हे विचारतो. आमच्या घरात हा प्रश्न कायम पुढच्या घरासाठी राखून ठेवलेला असायचा.

मी तो याच खोलीत विचारला. इथे राहते ती रात्री वाचते, म्हणून ट्यूबलाइट बंद आणि कोपऱ्यात पिवळ्या उजेडाचा लॅम्प. फ्रेममध्ये दिसणाऱ्या आणि खरोखर पेटणाऱ्या अशा दिव्याला सिनेमावाले ‘प्रॅक्टिकल’ म्हणतात. ‘पॅरासाइट’मधला श्रीमंत बंगला हा सेट आहे, आणि तो बांधताना ऊन कुठून येईल याचा विचार केला होता. हे वाचल्यावर मी दोन रविवार माझ्या खिडकीवर पाळत ठेवली. सकाळी जेमतेम दीड तास ऊन येतं. टेबल तिथे सरकवलं. खर्च शून्य. जुन्या बाजारात साठ रुपयांना रिकामी चौकट मिळाली. ती पिवळी रंगवली आणि दाराला टेपने चिकटवली.

सेटवरचं सगळंच घरात चालत नाही, हे खरं. तिथे ओला टॉवेल कुठे वाळतो ते कधी दिसत नाही. माझा खुर्चीवर वाळतो, आणि तो ‘लुक’मध्ये बसत नाही.

दिवाळीनंतर आई आली होती. फ्रेमकडे बराच वेळ बघत राहिली.

“निघताना काढता येईल ना?”

“येईल. ड्रायरची गरम हवा दिली की टेप सुटते.”

“मग बरंय.” चहा झाल्यावर म्हणाली, “आपल्याकडे तर खिळेसुद्धा ठोकता येतात गं.”

त्यांच्या घराला आता आठ वर्षं झाली. भिंतीवर कालनिर्णय आहे. कपबशांचं खोकं या वेळी माळ्यावर नाही, कपाटात आहे.

पुढच्या महिन्यात मी चार दिवस घरी जातेय. बॅगेत हातोडी टाकलीय.