डॉक्टर गोळ्या लिहून देतात, पण समजावून कोण सांगतं?

नारायण पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. सव्वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. पोस्ट लांबलीय. पण ज्यांच्या घरात कुणाची अँजिओप्लास्टी, बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन झालंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आमच्या पेठेतलं निम्मं गिऱ्हाईक सत्तरीच्या पुढचं. मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला, घरी दोघंच. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांत परदेशी पोचतो. गोळ्या मात्र इथेच, चष्मा सांभाळत, सकाळ-दुपार-रात्रीच्या डबीत भराव्या लागतात.

गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीतल्या एका काकांना स्टेंट बसला. दवाखान्यातून निघताना जी गोळी मिळाली तिच्यात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही एकत्र होतं. पुढच्या तपासणीत वेगळ्या नावाच्या दोन गोळ्या लिहून मिळाल्या. एक अ‍ॅस्पिरिन, एक क्लोपिडोग्रेल. आधीची बंद करा, हे कुणी सांगितलंच नाही. काका शिस्तीचे. तिन्ही गोळ्या वेळेवर घेत होते. आठ दिवसांनी काकू दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "अहो, जरा मऊ ब्रश द्या. ह्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय."

त्या दिवशी रविवार होता आणि माझी भाची दुकानात बसली होती. ती फार्म.डी. करते, इंटर्नशिप चालू आहे. तिने ब्रश दिलाच नाही. म्हणाली, "काकू, काका घेतात त्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन या." पट्ट्या काउंटरवर मांडल्या, मागची बारीक अक्षरं वाचली आणि डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी लगेच एक गोळी बंद केली. काका ठणठणीत आहेत. पण रक्त हिरड्यांतून न येता पोटात आलं असतं, तर ब्रश मागायला कुणी आलंच नसतं.

भाचीने जे केलं त्यात जादू काही नाही. तिला ते शिकवलंय.

फार्म.डी. हा अभ्यासक्रम आपल्याकडे 2008 साली सुरू झाला. बारावीनंतर सहा वर्षं. पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष पूर्ण रुग्णालयात. पुण्यातही तो शिकवला जातो. मुलं डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरतात, रुग्णाची फाइल वाचतात, कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडते ते शोधतात. मी डी.फार्म. केलं तेव्हा 500 तासांचं प्रात्यक्षिक होतं, त्यातले निदान 250 तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे. त्यात चिठ्ठी वाचायला शिकलो. रुग्णाच्या खाटेशेजारी मात्र एक तासही उभा राहिलो नाही.

हृदयाच्या औषधांत हा फरक फार मोठा आहे. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. डोस कमी पडला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणून आयएनआर ही तपासणी वरचेवर करायची. गुडघा दुखतो म्हणून स्वतःच्या मनाने पेनकिलर घेतली किंवा दातासाठी एखादं अँटिबायोटिक सुरू झालं, तरी सगळा हिशेब बिघडतो. रोजच्या जेवणातली पालेभाजी एकदम वाढवली किंवा बंद केली तरीही बिघडतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने रोज सकाळी वजन करायचं आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना कळवायचं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती पाच मिनिटं डॉक्टरांकडे नसतात.

फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट 30 हजारांच्या आत आला. फार चांगलं काम झालं. पण तो स्टेंट उघडा राहतो तो नंतरच्या महिन्यांत रोज घेतलेल्या गोळ्यांमुळे. "आता बरं वाटतंय" म्हणून कुणी स्वतःहून त्या थांबवल्या, तर स्टेंट स्वस्त होता की महाग याने काय फरक पडतो?

आता अडचण सांगतो. इंटर्नशिपच्या वर्षात सहा महिने जनरल मेडिसिन आणि बाकी तीन विभागांत दोन-दोन महिने, असा नियम आहे. म्हणजे कार्डिओलॉजी वाट्याला आली तरी फक्त दोन महिने. ते दोन महिनेसुद्धा कसे जातात ते त्या रुग्णालयावर अवलंबून. कुठे कन्सल्टंट राउंडला विद्यार्थ्याला प्रश्न विचारतात, त्याचं ऐकतात. कुठे त्याला फॉर्म भरायला आणि स्टॉक मोजायला बसवतात. भाचीच्या मैत्रिणींकडून दोन्ही प्रकार ऐकलेत.

आणि सहा वर्षं शिकून पुढे काय? औषध देताना रुग्णाला समजावून सांगायचं, हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत लिहिलेलं आहे. पण ते करणाऱ्या माणसासाठी खुर्ची कुठे आहे? भाचीच्या वरच्या बॅचची हुशार मुलं कंपन्यांत कॉम्प्युटरवर औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी करतात. कामाला नाव ठेवत नाही, पण त्यांना वॉर्डात उभं राहायला शिकवलं होतं.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, हृदयविभागात इंटर्नने रोज काय करायचं हे लिखित असावं. निदान डिस्चार्जच्या वेळी जुन्या आणि नव्या गोळ्या शेजारी ठेवून तपासणं आणि घरच्यांना मराठीत समजावणं, हे काम त्याच्याकडेच असावं, आणि वर सही करणारा शिक्षक असावा. दोन, महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टची पदं काढावीत. पुणे महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयापासून सुरुवात केली तरी चालेल. तीन, आमच्यासारख्या जुन्या दुकानदारांसाठी या मुलांच्या मदतीने हृदयाच्या औषधांचे छोटे वर्ग घ्यावेत. मी पहिल्या बाकावर बसेन.

तोपर्यंत तुम्ही एक करा. घरातल्या पेशंटच्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसकट, एका पिशवीत घाला आणि पुढच्या तपासणीला बरोबर न्या. पट्टी कापून घेतलीत तर औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा जपून ठेवा. आणि औषध देणाऱ्याला विचारा, "हे कशासाठी आहे हो?" उत्तर मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका. मागे रांग असली तरी चालेल, मी थांबवतो त्यांना.