उलटी बाजू

वस्तू हातात पडल्याबरोबर ती पालथी करून पाहणारा माणूस चारचौघांत फारसा प्रिय नसतो. मी त्या जातीचा आहे. आहेरात आलेले तबक मी आधी उलटे करतो, कोणाच्या घरी बसायला गेलो तर खुर्चीखालचे वेल्डिंग पाहून मग बसतो. यात स्वभावाचा भाग थोडा आणि पोटाचा अधिक. भोसरीच्या एमआयडीसीत तेहतीस वर्षे मी माल तपासण्याचे काम केले. तयार जॉब समोर यायचा. त्याच्या भोकात गेजचे एक टोक गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये, एवढाच आमचा वेदान्त. दोन्ही टोके गेली की जॉब लाल पेटीत. तो करणाऱ्याची रात्रपाळी, त्याच्या घरची अडचण, फोरमनची विनवणी, यांतले गेजला काही कळत नाही. आणि मलाही ते कळू नये याचाच पगार मिळत असे.

निवृत्त झाल्यावर गेज कारखान्यात राहिले, पण लौकिक घरापर्यंत आला. आळीतल्या कोणी मोबाइलवरून काही महागाचे मागवले आणि मनात पाल चुकचुकली, की ती वस्तू माझ्या टेबलावर येते. मनगटी घड्याळे येतात, बूट येतात, नाव मोठे आणि वास आमच्या कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाचा अशी अत्तरे येतात. मी भिंग लावतो. अक्षरे कुठे जाड झाली आहेत, शिवण कुठे चुकली आहे ते दाखवतो. पुष्कळदा आणणाऱ्याला सारे आधीच ठाऊक असते. त्याला फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे असते. या मालाला बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ असे भारदस्त नाव आहे. पुस्तकाची पहिली प्रत लेखक देवापुढे ठेवतो. घड्याळाची पहिली प्रत दुकानदार टेबलाखालून काढतो.

आमच्या मागच्या खोलीत एक मुलगा आणि त्याची आई भाड्याने राहतात. मूळचे परभणीकडचे. मुलगा चाकणला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. कंपनीची बस पहाटे नेते, आणि जादा काम असेल तर रात्री केव्हातरी आणून सोडते. आई घरी बसून आळीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून देते.

गेल्या वर्षी दसऱ्याला या मुलाने आईसाठी मोबाइलवरून पैठणी मागवली. हिरवी, जांभळ्या काठांची, पदरावर मोर. छापील किंमत चाळीस हजार, तिच्यावर काट मारून चौदा हजार. ‘शुद्ध रेशीम, येवल्याचा हातमाग’ असे खाली लिहिलेले. हे चौदा हजार चार महिन्यांच्या जादा पाळ्यांचे होते. गंमत अशी, की चाकणवरून जाणारा मोठा रस्ता नाशिकलाच जातो, आणि येवला नाशिक जिल्ह्यातच आहे. पण बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला येवल्याला जायला दिवस कुठून मिळणार? ज्याला वेळ नाही, तोच अशा ठिकाणी नेमका सापडतो.

कारखान्यातल्या कोणाच्या तरी बायकोने साडीचा फोटो पाहून नाक मुरडले. त्या रात्री साडेअकराला तो साडी घेऊन माझ्याकडे आला. “काका, एकदा बघून सांगा. आई झोपलीय.”

मी पदर पालथा केला. इथे थोडे खोलात गेले पाहिजे, कारण घरोघरी कपाटात पैठणी असते आणि तिची पाठ पाहणारी माणसे थोडी. खऱ्या पैठणीत मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर असतो. विणकर ताणा मोजत ती कांडी हाताने आत घालतो, आणि रंग बदलतो तिथे शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. त्यामुळे मोर पुढून जसा, जवळजवळ तसाच मागून. त्याला पाठ अशी नसतेच. पदर दाट असेल तर या कामात कित्येक महिने जातात. यंत्रमागाला एवढी सवड नाही. तो एका रंगाचा धागा या मोरापासून त्या मोरापर्यंत पाठीमागून सरळ ओढत नेतो आणि मधला भाग कापून टाकतो. मग मागे धाग्यांची कुसळे राहतात. माझ्या बोटांना ती कुसळे लागली.

तरीही एका खुणेवर जॉब लाल पेटीत टाकायचा नाही, हा आमचा नियम. काठाच्या टोकाचा एक धागा काढून मी निरांजनावर धरला. रेशीम जळाले की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा वितळला, त्याचा काळा टणक मणी झाला, आणि खोलीभर प्लास्टिकचा वास सुटला.

यंत्रावरच्या साडीवर माझा राग नाही. दुकानात ती ‘सेमी पैठणी’ म्हणून राजरोस मिळते, हौसेने नेसली जाते, आणि कोणाची फसवणूक होत नाही. गुन्हा त्या गाळलेल्या दोन अक्षरांत आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे नाव आता कोणीही उचलून कशालाही लावावे असे राहिलेले नाही. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली मिळाले. तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशनच्या मेळ्यात प्राडा या इटालियन पेढीने थेट कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर मग प्रेरणा भारतातली असल्याचे मान्य केले. तिथे वस्तू उचलली आणि नाव टाकले. इथे नाव उचलले आणि वस्तू टाकली. दोन्हीकडे विणणारा आणि शिवणारा बाहेरच उभा.

मुलगा बराच वेळ त्या काळ्या मण्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “आईला यातलं काही कळू द्यायचं नाही.”

दुसऱ्याच दिवशी ती माउली ओट्यावर भेटली. “भाऊ, पोरानं आणलेली साडी बघितली का? कशी हाये?” तेहतीस वर्षांत मी खोट्या मालावर सही केलेली नव्हती. मी म्हणालो, “रंग तुम्हाला फार शोभेल.” रंग खरोखरच चांगला होता.

तक्रार आम्ही दोघांनी मिळून लिहिली. विकणाऱ्याने कळवले, की साडीला फॉल लावला आहे, म्हणजे ती वापरलेली झाली. परत घेता येणार नाही. अशा वेळी लोक कपाळाला हात लावून गप्प बसतात, आणि धंदा त्या गप्प बसण्यावरच चालतो. पण २०२० साली ऑनलाइन व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम झाले आहेत. माल बनावट निघाला किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसला, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. बाजार मांडणाऱ्या कंपनीला तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा. आम्ही पदराच्या पाठीचे फोटो, जाहिरातीचे चित्र, पावती असे सगळे जोडून त्या अधिकाऱ्याला पाठवले. १९१५ या सरकारी मदत क्रमांकावरही नोंद केली. पुढे जिल्हा ग्राहक आयोग होताच, आणि तिथे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. दुकान कुठल्या का गावी असेना. तिथवर जावे लागले नाही. दिवाळी चार दिवसांवर आली असताना उत्तर आले: साडी न्यायला माणूस येईल, ती पोचली की पैसे मिळतील.

पैसे मिळणार म्हणजे साडी जाणार, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. भाऊबीजेला तीच नेसायची असे तिने अख्ख्या आळीला सांगून ठेवले होते. मुलगा म्हणाला, “राहू द्या काका. चौदा हजार गेले असं समजतो.” मी काही बोललो नाही. त्या पैशांवर माझी एकही रात्र खर्ची पडलेली नव्हती.

शेवटी त्यानेच रात्री जेवताना आईला सांगितले. सकाळी ती आमच्या दाराशी आली, हातात घडी केलेली साडी.

“भाऊ, म्या फॉल लावतानाच बघितलं होतं,” ती म्हणाली. बरोबरच. फॉल आतल्या बाजूने लागतो. साडीची पाठ तिच्याइतकी आळीत कोण पाहते?

“मग बोलला नाहीत?”

“पोरानं आणली. काय बोलू?”

“आणि तरी फॉल पुरता लावलात?”

“अर्धा लागला व्हता,” असे म्हणून ती हसली. मग एकदम तिचा आवाज चढला. “पैसे माघारी येत्यात हे ठाव असतं तर त्याच दिशी दिली असती. रातीच्या रात उभा ऱ्हातो त्यो. त्या चोराला कशापायी द्यायचं?”

साडी न्यायला पोरगा दुपारी आला. पाठीवर ही भलीमोठी पिशवी, कपाळावर घाम. तिने त्याला पाणी दिले, ओट्यावर बसवले आणि म्हणाली, “थांब रं बाळा, जरा.” मग साडी मांडीवर पालथी घेतली, डब्यातून छोटी कात्री काढली, आणि फॉलचा एकेक टाका उसवायला लागली. पोरगा घाईत होता, म्हणाला, “मावशी, राहू द्या ना तो. चालतो तसाच.”

“फॉल माझा हाये,” ती मान वर न करता म्हणाली.

मी दुसरे टोक ताणून धरले. अडीच मीटर फॉल सुटायला वीस मिनिटे लागली. तिने त्याची गुंडाळी करून डब्यात ठेवली, आणि मग साडीची घडी त्या पोराच्या हातात दिली.