टाळीवरचं माहेर

भाद्रपदी पौर्णिमेला वऱ्हाडात बाभुळगावच्या बाजूला मातीची भुलाबाई बसते. ती कोजागरीपर्यंत महिनाभर माहेरपणाला असते, सोबत नवरा भुलोजी आणि मुलगा गणोबा. वावरात कपाशी पात्या-फुलांवर आलेली असते आणि संध्याकाळी अंगणात पोरी टाळ्यांवर गाणी म्हणतात. माहेरची ओढ या गाण्यांइतक्या नेमक्या बांधणीत मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडते.

कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जायला विचारते, सासू म्हणते, आधी बी पेर. पेरून झालं की वेल वाढू दे, मग फूल, मग कारलं, मग भाजी, मग उष्टी-खरकटी. सासर कुठेच ‘नाही’ म्हणत नाही, फक्त ‘आधी एवढं कर’ म्हणतं. कडव्यामागून कडव्यात सगळी ओळ तीच राहते, बदलतो तो एखादाच शब्द. हे पाल्हाळ नव्हे. वेलाला वाढायला जो वेळ लागतो, तो गाण्याला गाऊनच काढावा लागतो. ऐकणारीलाही तेवढीच वाट बघावी लागते.

या गाण्यांच्या मात्रा कागदावर मोजून हाती लागत नाहीत. माधव ज्युलियनांनी ‘छंदोरचने’त वृत्त, जाती, छंद अशी व्यवस्था लावून दिली, पण इथे ऱ्हस्व-दीर्घ तळहात ठरवतो. शब्द तोकडा पडला की स्वर ओढायचा, नाहीतर ‘वं’, ‘माय’, ‘बाई’ घालायचं. भरीचा म्हणून आलेला तो ‘वं’ नेमका टाळीवर पडतो आणि सगळं आर्जव त्याच्यातच येऊन बसतं.

यमकाचं मर्म तर बोलीतच आहे. वऱ्हाडी तोंडात ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’, बाभुळगावाचं ‘बाभुयगाव’. म्हणून ‘उन्हाया’ला ‘माया’ आपसूक जुळते. तेच गाणं कुणी शुद्ध करून वहीत उतरवलं, की ‘उन्हाळा’ एकीकडे आणि ‘माया’ दुसरीकडे. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचं तसं झालं नाही. त्या 1951 साली गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांची गाणी छापली गेली, तीही त्यांच्या बोलीतच. म्हणून त्यांची यमकं आजही शाबूत आहेत.

भुलाबाईची गाणी मात्र अजून बहुतेक तोंडातच आहेत. तुमच्या घरी ती म्हणणारी आजी असेल, तर येत्या भाद्रपदात फोनवर तिचा आवाज भरून घ्या, टाळीसकट. आणि लिहून काढताना तिचा ‘य’ सुधारू नका.